आंघोळ कुठे करता?

आमच्या विभागाची प्रश्नावली चार पानांची आहे आणि डोळ्याविषयीचे प्रश्न त्यातल्या पहिल्या अर्ध्या पानावरच संपतात. उरलेल्या साडेतीन पानांत पाठ, गुडघे, तोंड, कान, केस, घरातली मांजरं, गोठ्यातली गुरं, विहिरीचं पाणी, टॅटू, जुने ताप आणि नको ती नाती असा सगळा संसार येतो. नवे रेसिडेंट पहिले काही दिवस ही पानं भरून घेताना अडखळतात. पेशंट तर उघड चिडतात. "डोळा लाल झालाय म्हणून आलोय, सोयरीक जुळवायला नाही," असं साताऱ्याकडच्या एका काकांनी ऐकवलं होतं. काकांचा वैताग समजण्यासारखा आहे. पण या आजाराचं कारण शोधताना जे हाती लागतं, त्यातलं बरंचसं त्याच साडेतीन पानांत सापडतं.

आजाराचं नाव युव्हिआयटिस. पावसाळ्यात घरोघरी डोळे येतात ते हे नव्हे. ते वरवरचं दुखणं आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीच्या आतून रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो. पुढे बाहुलीभोवतीची तपकिरी आयरिस आणि मागे पडद्याखालचा कोरॉइड हे त्याचेच भाग. या थराचा दाह म्हणजे युव्हिआयटिस. तो कधी महिन्याभरात निवळतो, कधी वर्षानुवर्षं धुमसतो आणि मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्यावरची सूज असं मागे ठेवत जातो.

तपासणीची खोली अंधारी असते. पेशंट हनुवटी टेकवतो, मी स्लिट लॅम्पचा बारीक झोत तिरका आत सोडते. स्वीडनच्या अल्वार गुलस्ट्रँड यांनी १९११ मध्ये ही फटीतल्या उजेडाची युक्ती दाखवली. त्याच वर्षी त्यांना नोबेलही मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी. निरोगी डोळ्यात त्या झोताच्या वाटेवर काहीच दिसत नाही. दाह असला की बंद खोलीत आलेल्या कवडशात धूळ तरंगावी तशा पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात. आयरिसजवळ पाणी जरा उबदार असतं म्हणून तिथे त्या वर चढतात, समोरच्या पारदर्शक काचेजवळ गार होऊन खाली येतात. पहिल्यांदा हे पाहणारा प्रत्येक विद्यार्थी "बापरे" म्हणतो, आणि म्हणावंही.

या पेशी मोजायच्या असतात. गंमत अशी की कितीतरी वर्षं प्रत्येक जण आपापल्या मापाने मोजायचा. एका डॉक्टरचं 'दोन प्लस' हे दुसऱ्याचं 'तीन प्लस' असायचं आणि पेशंट गाव बदलून आला की औषध लागू पडलं की नाही यावरच वाद. शेवटी जगभरातले तज्ज्ञ २००४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला बसले आणि २००५ मध्ये एक सामायिक मोजपट्टी छापून आली. एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद झोत; त्यात ६ ते १५ पेशी म्हणजे एक प्लस, १६ ते २५ म्हणजे दोन, ५० च्या वर गेल्या की चार. इतकी साधी गोष्ट ठरवायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

पण हा झोत सांगतो काय? दाह आहे, किती आहे, कुठे आहे. कशामुळे आहे हे तो क्वचितच सांगतो. क्षय, उपदंश, सारकॉइड या तिघांचं चित्र पुष्कळदा हुबेहूब सारखं. म्हणून दिवा लावायचा, खुर्ची पुढे ओढायची आणि विचारायला बसायचं.

पार्सल पोचवणारा एक तरुण उजवा डोळा मिटून आला होता. दोन दिवसांत लालभडक, उजेड सहन होईना. गेल्या वर्षी डावा असाच झाला होता म्हणाला. मी विचारलं, पाठ दुखते का?

"दुखणारच ना मॅडम. दिवसभर गाडीवर, आणि रस्ते तर बघताय तुम्ही."

"कधी दुखते? रात्री दमून आल्यावर की सकाळी?"

तो थांबला. "सकाळी. अर्धा-पाऊण तास मोजे घालायला वाकता येत नाही. एकदा कामाला लागलो की सुटते."

खड्ड्यांनी दुखणारी पाठ कामाने वाढते आणि विश्रांतीने उतरते. याची उलटी होती. मणक्याच्या सांध्यांचा दाह, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. १९७३ मध्ये लंडनच्या डेरिक ब्रूअर्टन यांनी हा आजार असलेल्या ७५ जणांचं रक्त तपासलं तेव्हा ७२ जणांत एचएलए-बी२७ ही खूण सापडली; आजार नसलेल्या ७५ जणांत फक्त तिघांत. लॉस एंजेलिसच्या पॉल तेरासाकी यांच्या गटालाही त्याच वर्षी हेच दिसलं. आणि ब्रूअर्टन यांनी लगेच डोळ्यांच्या अशा अचानक येणाऱ्या दाहाचे पेशंट तपासले, तर साधारण निम्म्या लोकांत तीच खूण. आमच्या पार्सलवाल्याच्या पाठीचं निदान डोळ्याच्या ओपीडीत झालं. असं होतं तेव्हा संधिवाताचे डॉक्टर फोन करून 'आज तुम्ही आमचं काम केलंत' म्हणतात. आम्ही ते हक्काने ऐकून घेतो.

सोलापूरची एक शिक्षिका दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं म्हणून आली. आठवडाभर आधी डोकं प्रचंड दुखलं होतं, त्यावर सायनसची औषधं झाली होती. कानात शिट्टी वाजल्यासारखं होतंय, हे तिने विचारल्यावर सांगितलं. मग मी विचारलं, केस विंचरताना डोकं हुळहुळतं का? तिने माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं. "मी सांगत होते ना तुम्हाला? कंगवा लावू देत नाही म्हणून!"

व्होग्ट-कोयानागी-हाराडा असं लांबलचक नाव असलेला हा आजार. शरीर स्वतःच्याच रंगपेशींवर उठतं. या पेशी डोळ्यात असतात, आतल्या कानात, मेंदूच्या आवरणात, कातडीत, केसांच्या मुळांशी. म्हणून लक्षणं अशी विखुरलेली आणि म्हणूनच ती एका माणसाने एका बैठकीत विचारावी लागतात. स्वित्झर्लंडच्या व्होग्ट यांनी १९०६ मध्ये पापण्यांचे केस पांढरे पडलेला रुग्ण नोंदवला, जपानच्या हाराडा यांनी १९२६ मध्ये पडद्याखाली पाणी साठलेले, कोयानागी यांनी १९२९ मध्ये सगळा क्रम जुळवला. तीन डॉक्टर एकाच हत्तीचे वेगवेगळे भाग हाताळत होते म्हणा. आमच्या बाईंच्या पडद्याखालचं पाणी स्टेरॉइडच्या मोठ्या डोसने ओसरलं. पुढे काही महिन्यांनी पापण्या पांढऱ्या झाल्याच. त्या मस्करा लावून शाळेत जातात.

याला मिळतंजुळतं चित्र आणखी एका आजारात दिसतं आणि दोन्ही वेगळे करणारा प्रश्न एकच असतो: दुसऱ्या डोळ्याला कधी काही लागलं होतं? पेशंटला हा प्रश्न निरर्थक वाटतो, कारण जो डोळा गेला त्याचा हिशेब त्याने कधीच बंद केलेला असतो. "तो गेलेलाच आहे, लहानपणी विटी लागली," असं सांगणारे आजोबा मी पाहिले आहेत. सांगताना सूर असा की तो विषय आता कशाला. पण एक डोळा फुटून आतला थर उघडा पडला की शरीर त्या थराला परका समजू लागतं आणि चांगल्या डोळ्यावरही चाल करून जातं. बहुतेकदा हे वर्षभरात होतं, पण कधी कधी दशकांनंतरही. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना १८१२ मध्ये वडिलांच्या कारखान्यातली चामडं भोसकायची आरी त्याच्या एका डोळ्यात घुसली. पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेले. बहुधा हाच आजार असावा. विटीदांडू आता कमी झालाय, त्याची जागा दिवाळीच्या फटाक्यांनी आणि उसाच्या पाचटाने घेतली आहे.

नकार हे आमच्या धंद्यातलं खरं कोडं. पेशंट खोटं बोलत नाही, त्याला ती गोष्ट आजारच वाटत नसते. एका मुलीला वर्षभरात तीनदा डोळ्याच्या दाहाचा झटका आला होता. प्रत्येक भेटीत तिला विचारलं होतं, तोंडात फोड येतात का? प्रत्येक वेळी 'नाही'. एकदा तिच्यासोबत आत्या आली. मी तोच प्रश्न विचारला आणि आत्या म्हणाली, "फोड कुठले, तिला उष्णता आहे. महिन्याआड तोंड येतं. गुलकंद चालू आहे." त्यानंतर आमच्या रेसिडेंटने प्रश्न बदलला. आता आम्ही 'तोंड येतं का' असंच विचारतो आणि लगेच जोडतो, उष्णतेने येत असलं तरी सांगा.

तोंडात फोड, जननेंद्रियावर फोड आणि डोळ्यात दाह हे त्रिकूट १९३७ मध्ये इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी एकत्र मांडलं. काही वर्षं आधी ग्रीसचे नेत्रतज्ज्ञ बेनेडिक्टॉस अदामांतियादेस यांनीही तसा रुग्ण दाखवला होता. त्यामुळे नावात कुणाचा मान पहिला यावर ग्रीक आणि तुर्की वाद अजून अधूनमधून पेटतो. या आजाराची एक तपासणी ऐकणाऱ्याला चेष्टाच वाटेल: हातावर निर्जंतुक सुई टोचायची आणि एक-दोन दिवसांनी तिथे पुळी आली का ते बघायचं.

आता त्या त्रिकुटातला मधला प्रश्न विचारायचा कसा? तरुण सून, शेजारी सासूबाई, दारात नवरा. यासाठी आमच्याकडे एक ठरलेला बनाव आहे. मी वॉर्डबॉय मामांकडे बघून म्हणते, "मामा, यांना जरा केसपेपरवर शिक्का मारून आणायला सोबत न्या." मामा सासूबाईंना घेऊन जातात आणि शिक्क्याच्या खिडकीवरची रांग नेमकी तेव्हा लांब असते. सिस्टर दार लोटते. पुरुषांच्या बाबतीत बनाव तोच, फक्त पाठवायचं बायकोला. उपदंश आणि एचआयव्हीची तपासणी आम्ही जवळजवळ प्रत्येकाची करतो, कारण उपदंश डोळ्यात कुठल्याही आजाराचं सोंग घेऊ शकतो आणि नेमका तोच पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो. पण रिपोर्ट हाती देण्याआधी एकट्याशी बोलून घेणं हे सोंग ओळखण्याइतकंच कौशल्याचं काम. मामांची ही नोकरी कुठल्याच नियुक्तीपत्रात लिहिलेली नाही.

जे प्रश्नांनी कळत नाही ते कधी कधी चिकाटीने कळतं. हेलनॉर कॅम्पबेल वाइल्डर या बाईंची गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. वॉशिंग्टनला लष्कराच्या पॅथॉलॉजी संस्थेत त्या काम करायच्या. वैद्यकीय पदवी नाही. आल्या तंत्रज्ञ म्हणून आणि डोळ्याच्या पॅथॉलॉजीत नावाजल्या. संस्थेच्या कपाटांत काढून टाकलेल्या डोळ्यांचे काचपट्ट्यांवरचे छेद साठलेले. त्यांतले काही लहान मुलांचे: बाहुलीत पांढरं दिसलं, कर्करोग असेल या धास्तीने डोळा काढला आणि आत कर्करोग निघालाच नाही. मग होतं काय? वाइल्डर यांनी असे ४६ डोळे घेतले आणि एकेकाचे छेदांवर छेद काढून पाहायला सुरुवात केली. एखाद-दुसऱ्या छेदात काहीच नसायचं. पण छेद काढत राहिल्यावर १९५० मध्ये त्यांनी जाहीर केलं की यांतल्या २४ डोळ्यांत जंताची अळी किंवा तिचे अवशेष आहेत. पुढे कळलं, ती कुत्र्याच्या पोटातल्या जंताची. मातीत खेळणाऱ्या, माती खाणाऱ्या मुलाच्या पोटातून ती डोळ्यापर्यंत पोचते.

दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांनी मोठ्यांच्या ५३ डोळ्यांबद्दल लिहिलं. यांतल्या पुष्कळांवर क्षयाचा किंवा उपदंशाचा शिक्का मारून फाइल बंद झालेली होती. वाइल्डर यांना त्या पडद्यांत टोक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म परजीवी दिसला. तोवर मोठ्या माणसांच्या डोळ्यांत हा असेल अशी फारशी कुणाला शंका नव्हती. नवं यंत्र नाही, नवं रसायन नाही. त्याच काचा, त्याच सूक्ष्मदर्शकाखाली, फक्त बघणारी बाई वेगळी. संदर्भग्रंथांत तिच्या वाट्याला दोन ओळी येतात, हे मला खटकतं.

आता मथळ्यातल्या पाण्याकडे येऊ. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात डॉ. एस. आर. रत्तिनम यांच्याकडे १९९४ च्या सुमारास एकदम युव्हिआयटिसचे पेशंट वाढले. बहुतेक तरुण, खेड्यांतले, शेतावर काम करणारे. आधीच्या पावसाळ्यात, १९९३ मध्ये, तिथे मोठा पूर येऊन गेला होता. रोज एकाच गर्दीत बसणाऱ्या डॉक्टरला ही गर्दी वेगळी आहे हे जाणवणं, हीच मला त्यातली अवघड पायरी वाटते. पुढचं काम अमेरिकेतल्या प्रयोगशाळांच्या मदतीने झालं आणि निष्कर्ष निघाला लेप्टोस्पायरा. उंदराच्या, गुरांच्या मुतातून पुराच्या पाण्यात आलेला जंतू पायाच्या चिरांतून शरीरात शिरतो, ताप येतो, ताप जातो आणि कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोळा पेटतो. तोवर पेशंट तो ताप विसरूनही गेलेला असतो. घोड्यांना होणारा, पूर्वी चंद्राच्या कलांशी जोडला जाणारा आंधळेपणा बऱ्याचदा याच जंतूचा, हे पशुवैद्यांना आधीपासून माहीत होतं. आम्ही माणसांचे डॉक्टर पशुवैद्यांशी बोलतो कधी?

कोकणातला पेशंट दिवाळीच्या सुमारास असा डोळा घेऊन आला की मी पहिल्यांदा लावणीबद्दल विचारते. पाऊस सुरू झाल्यावर चिखलात उभं राहून भात लावलं का, मग कधी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे पिवळे होणं? मुंबईकरांना विचारायचं ते गुडघाभर पाण्यातून चालण्याबद्दल. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोचे ताप किती आले हे तिथल्या कुठल्याही फिजिशियनला विचारा. सावंतवाडीकडच्या एका शेतकऱ्याने तापाला ठाम नकार दिला होता. त्याची बायको मागून म्हणाली, "गणपतीत तुम्ही आरतीला उठला नव्हतात, विसरलात?"

आणि रत्तिनम यांच्याच कामातला दुसरा किस्सा या लेखाच्या मथळ्याचा. खेड्यांतल्या लहान मुलांच्या डोळ्यांत, आयरिससमोर, पांढऱ्या गाठी दिसायच्या. क्षय समजून औषधं देण्याचा मोह होणारच. पण मुलंच का, आणि काही ठरावीक गावांतलीच का? डॉक्टरांनी आंघोळीचं विचारलं. आजारी मुलं गावच्या तळ्यात, नदीत डुंबणारी निघाली. त्या पाण्यात गोगलगायी, आणि गोगलगायींत वाढणारे चपट्या कृमींचे डिंभ. काढलेल्या गाठींत अशा कृमीच्या अवशेषांसारखं काही सापडलं आणि २००२ च्या सुमारास हे काम प्रसिद्ध झालं. तेव्हापासून आमच्याही ओपीडीत मुलाला डोळ्याआधी आंघोळीबद्दल विचारलं जातं, आणि आई चमकून स्वतःची बाजू मांडू लागते: "रोज घालते हो!"

इतकं विचारायची गरजच काय, सगळ्या तपासण्या करून टाका, असं म्हणणारे नातेवाईक दर आठवड्याला भेटतात. त्यांची चूक नाही. बाजारात 'युव्हिआयटिस प्रोफाइल' नावाची पॅकेजेस विकली जातात, सणाला सूट असते. माझं मत विचाराल तर अशा पॅकेजांनी निदान होत नाही, गोंधळ होतो. क्षयासाठी हातावर टोचून करतात ती मांटू चाचणी घ्या. आपल्या देशात लहानपणापासून क्षयाच्या जंतूशी गाठ पडलेली असंख्य माणसं ठणठणीत फिरतात आणि त्यांच्या हातावरची गाठ फुगतेच. एएनए ही रक्ततपासणी कित्येक निरोगी बायकांत पॉझिटिव्ह येते. टोक्सोप्लाझ्माच्या जुन्या प्रतिपिंडांचा अर्थ इतकाच की कधीतरी तो शरीरात येऊन गेला. प्रश्न विचारून आधी संशयित ठरवला नाही, तर रिपोर्टमधला जो ठळक अक्षरात छापलेला असेल तोच गुन्हेगार ठरतो आणि पेशंट सहा-नऊ महिने क्षयाच्या गोळ्या खातो. डोळ्यातल्या क्षयाचा थेट पुरावा तर फारच दुर्मिळ. पुढच्या पाण्याचा नमुना मिळतो एक दशांश मिलिलिटर, त्यात जंतू मुळात मोजके. तिथेही डॉक्टर पुरावे जुळवतो, छातीचा सीटी बघतो आणि घरात कुणाला खोकला होता का हे विचारतोच.

औषधांची यादी विचारायला मात्र आम्हीही उशिरा शिकलो. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक अॅसिड घेतल्यावर दोन-तीन दिवसांत डोळा लाल होऊ शकतो. आजी सांगतात, "औषध काहीच नाही हो मला." इंजेक्शन वर्षातून एकदाच, ते कुठे औषध!

काही वेळा प्रश्न संपतात, स्टेरॉइड हरतात आणि साठीच्या पुढच्या माणसाच्या डोळ्यात पेशी तशाच तरंगत राहतात. मग संशय लिम्फोमाचा: दाहाचं सोंग घेतलेला कर्करोग. ऑपरेशन करून डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव काढायचा आणि पॅथॉलॉजीत पाठवायचा. त्या पेशी इतक्या नाजूक की उशीर झाला तर काचेवर नुसता चुरा दिसतो. म्हणून आमच्या पॅथॉलॉजिस्टना आदल्या दिवशी फोन जातो आणि त्या जेवायला न जाता थांबतात. एकदा हे ऑपरेशन नेमकं विसर्जनाच्या दिवशी निघालं. टाळणं शक्य नव्हतं. रस्ते बंद, गाडी निघेना. रेसिडेंट बर्फाचा डबा छातीशी धरून ढोल-ताशांच्या गर्दीतून पूल ओलांडत चालला. बंदोबस्तावरच्या हवालदाराने अडवलं, डब्यात काय आहे? पोराला दुसरं काही सुचेना. "डोळ्यातलं पाणी आहे, साहेब." हवालदाराने त्याच्याकडे नीट बघितलं आणि स्वतः पुढे होऊन वाट करून दिली. निदान झालं, लिम्फोमाच होता. मेंदूचा एमआरआय करून पेशंटला त्याच आठवड्यात कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

डोळा किती काय लपवून ठेवू शकतो याचा अलीकडचा धक्का इबोलाने दिला. इयान क्रोझियर हे अमेरिकन डॉक्टर २०१४ मध्ये सिएरा लिओनमध्ये रुग्णांवर उपचार करताना आजारी पडले, अटलांटाच्या एमरी रुग्णालयात वाचले, रक्त स्वच्छ झालं, घरी गेले. काही आठवड्यांनी डोळ्याचा दाह सुरू झाला. आतलं पाणी तपासलं तर त्यात जिवंत विषाणू. अश्रूंत मात्र काहीच नाही. त्यांचा निळा डोळा काही काळ हिरवा दिसू लागला होता. ते पाणी काढताना सुई धरणाऱ्या डॉक्टरांना आत काय असेल याची कल्पना नव्हती, हे वाचताना हात थिजतो.

याच्या उलट, ज्या मुलांना काहीच होत नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते. गुडघा सुजलेली चार-पाच वर्षांची मुलगी. डोळे पांढरेशुभ्र, दुखत नाहीत, पाणी येत नाही. संधिवात असलेल्या अशा मुलांत डोळा आतल्या आत, अजिबात आवाज न करता सुजतो, आणि तक्रार येते तोवर मोतीबिंदू झालेला असतो. तिथे विचारून उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी तिला स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवायला लावायचं. बालरोगतज्ज्ञाने वेळेवर पाठवलं तर डोळा वाचतो. आमच्या टेबलाच्या खणात त्यासाठी चॉकलेटं असतात, संपवतात ती सिस्टर.

आणि इतकं सगळं करूनही साधारण तिसऱ्या हिश्शाच्या पेशंटना आम्ही कारण सांगू शकत नाही. संसर्ग नाही, कर्करोग नाही एवढी खात्री करून दाह आवरायचा आणि दर भेटीला पुन्हा विचारत राहायचं.

सगळ्यात मोठं अनुत्तरित कोडं नेपाळमधलं आहे. पोखराच्या खोऱ्यात आणि आसपास पावसाळा सरता सरता एखाद्या मुलाचा एक डोळा लाल होतो. दुखत फारसं नाही. बाहुली पांढरी दिसू लागते, डोळा मऊ पडतो आणि काही दिवसांत दृष्टी जाते. डॉ. मदन उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात याची नोंद केली तेव्हापासून दिसतंय की पेशंट येतात ते बहुतेक एक वर्षाआड, विषम सालांत. त्याच काळात तिथे गझालिना जातीच्या पांढऱ्या पतंगांचे थवे निघतात. आजारी आणि निरोगी मुलांची तुलना केली तर पतंगाशी संपर्क आलेल्यांत धोका जास्त. पण पतंग नेमकं काय करतो? वेगवेगळ्या डोळ्यांतून वेगवेगळे जंतू सापडले, एकच असा कुणी हाती लागलेला नाही. तिथले डॉक्टर तोवर एवढं नक्की करतात: असं मूल आलं की वाट न बघता डोळ्यात प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात किंवा आतला द्रव काढतात, आणि गावांत सांगत फिरतात की पांढऱ्या पतंगाला हात लावू नका.

मागच्या एका विषम सालात, दसऱ्यानंतर, आमच्या भागातल्या सोसायटीच्या नेपाळी वॉचमनचा मुलगा लाल डोळा घेऊन आला. नुकताच गावाहून परतलेला. रेसिडेंटने कुठेतरी वाचलेलं. त्याचा आवाज चढलेला. आम्ही बाहुली पाहिली, काळीभोर. पेशी शोधल्या, एकही नाही. तरी मी विचारलं, गावाला पांढरं फुलपाखरू डोळ्याला लागलं होतं का? वडील गोंधळले. मुलगा म्हणाला, "नाही मॅडम. वर्गात सगळ्यांचेच डोळे आलेत."